दहा रुपयांचा फॉर्म, पाच लाखांचे कार्ड

आशाताई दारात येते. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची चौकशी करते. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, आठवड्यात अंगमेहनत किती होते, आईवडिलांना बीपी-शुगर होती का. मग कमरेला टेप लावते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बाईची ८० च्या पुढे गेली की गुण वाढतात. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. या कागदाला सरकारी भाषेत ‘सीबॅक फॉर्म’ म्हणतात. एक फॉर्म भरल्याचे केंद्राच्या दराने तिला १० रुपये मिळतात. पुढे ज्याला बीपी किंवा शुगर निघाली त्याने गोळी सुरू केली का, मधेच सोडली का, यावर सहा महिने लक्ष ठेवले की त्या माणसामागे ५० रुपये.

सहा महिन्यांचे ५०. महिन्याला आठ रुपये आणि वर काही पैसे. एका माणसाला लकव्यापासून वाचवण्याच्या कामाची आपण ठरवलेली ही किंमत.

आता दुसरे टोक पाहा. त्याच माणसाला हृदयविकाराचा झटका आला, नळीत स्टेंट टाकायची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच्या कुटुंबासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची सोय आहे. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये नाव बदलले. पुढे मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली आणि रेशनकार्डाचा रंग पाहणेही बंद झाले. ही चांगली योजना आहे. ज्या घरातला कर्ता माणूस तिच्यामुळे चालत घरी आला त्या घराला विचारा. तिचा एक रुपयाही कमी करू नये.

पण झटका येण्याआधीची दहा वर्षे कोणाच्या खात्यात धरायची? त्या दहा वर्षांत रोजची एक गोळी, महिन्याला एकदा बीपी मोजणे, वर्षातून एकदा रक्त-लघवी-डोळे तपासणे, तंबाखू सुटायला कोणाची तरी साथ, एवढेच लागते. त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही. गावात रोज भेटणारा, नाव माहीत असलेला माणूस लागतो. आणि त्याच माणसाच्या मानधनावर, त्याच गोळीच्या पुरवठ्यावर आपण हात आखडता घेतो.

उदाहरणाला आपले डोणगाव घ्या. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले, घाटावरचे. मेहकरहून मालेगाव-वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. सोयाबीन, तूर, कापूस. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आजूबाजूच्या खेड्यांची धाव तिथपर्यंत. बाळंतपण, लसीकरण, साप-विंचू, ताप या कामांची आपल्या केंद्रांना जुनी सवय. बीपी आणि शुगर हे दोन आजार मात्र तिथे पाहुण्यासारखे वागवले जातात. शिबिर लागले की मोजणी होते, शिबिर उठले की विषय उठतो.

आणि हे आजार स्वतःहून दवाखान्यात येत नाहीत. बीपी दुखत नाही. शुगर सुरुवातीला कळत नाही. “मले काही होत नाही, मंग गोयी कायले खाऊ?” असे गावातला माणूस विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. जोवर त्याला कोणी शेजारी बसून सांगत नाही की आतल्या आत मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा आणि मेंदूच्या शिरा खराब होत आहेत, तोवर तो चांगल्या अंगाला औषध का लावील? त्यात सोयाबीनची सोंगणी चालू असताना सकाळच्या ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. केंद्रात गेल्यावर गोळ्या आठ-दहा दिवसांच्याच मिळाल्या तर पुन्हा तीच रांग. तिसऱ्या वेळी माणूस जात नाही. मग मेडिकलमधून घेतो, तेही खिशात असतील तेवढ्या पैशांच्या. दहाच्या पट्टीतल्या पाच कापून घेतो. त्या संपल्या की पुढच्या बाजारापर्यंत काही नाही.

एका सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. लकवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. घरात पहिला तास ‘वारं गेलं असेल’ म्हणण्यात जातो. लकव्याचे औषध देणाऱ्या गावांचे पत्ते लोकांना पाठ असतात. सीटी स्कॅन जवळ कुठे होतो हे माहीत नसते. तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो, ७०१ किलोमीटरचा, आणि संभाजीनगरला निघालेली अँब्युलन्स पूर्वीपेक्षा लवकर पोचते. चांगले झाले. बीपीच्या गोळीला महामार्ग लागत नाही. ती उपकेंद्राच्या कपाटात बारा महिने असावी लागते, बस.

लकवा हा शहरी, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे अशी समजूत अजून आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे शोधली. सर्वांत मोठे कारण निघाले लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट. देशभराचे चित्र वेगळे नाही. भारतातल्या एकूण मृत्यूंत असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये ३७.९ टक्के होता, २०१६ मध्ये ६१.८ टक्के झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. दर तीन प्रौढांमागे एकाहून जास्त माणसांचा रक्तदाब वाढलेला. यातले किती डोणगावात आहेत हे सांगणारा आकडा गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असायला हवा. नळपट्टीची थकबाकी जशी लिहितात तसा.

केंद्र सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघातासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात देशातले १०० जिल्हे घेतले. महाराष्ट्राच्या वाट्याला सहा आले: वाशीम, वर्धा, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, अमरावती. सगळे विदर्भातले. बुलढाणा त्यात नव्हता. डोणगावहून रस्ता पुढे थेट वाशीम जिल्ह्यात शिरतो, आणि कार्यक्रम त्या हद्दीवर थांबला. पुढे तो देशभर पसरला, २०२३ मध्ये त्याचे नावही बदलले. उपकेंद्रांचे नाव आधी ‘आरोग्यवर्धिनी’ झाले, मग ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’. पाट्या दोनदा रंगवल्या गेल्या. त्या पाटीखाली बसणारा समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी होता, कंत्राटीच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरचे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करा म्हणून संपावर गेले, तेव्हा ज्या खुर्चीवर बीपी मोजला जातो तीच खुर्ची रिकामी झाली. आशाताईंनी २०२४ च्या सुरुवातीला थंडीत-उन्हात आंदोलन केले, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय निघाला. ज्या आजाराला आयुष्यभराची सोबत लागते, त्याच्या सोबतीला आपण अकरा-अकरा महिन्यांची माणसे नेमतो.

आपल्या जिल्ह्याने सरकारी यंत्रणा धावताना पाहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळून तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. बातमी देशभर गेली. आयसीएमआरची पथके आली. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः गावांत फिरून, पदरमोड करून नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यांचे उपकार आहेत. पण प्रश्न राहतोच: दिल्लीला जिल्ह्याचा पत्ता माहीत आहे, रस्ता माहीत आहे, प्रयोगशाळा आहेत. मग जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ही धाव का होत नाही?

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरी-बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. या पट्ट्यातल्या गावांत किडनीचे रुग्ण वर्षानुवर्षे आहेत. एकेका गल्लीत, एकेका भावकीत. लोक पाण्याकडे बोट दाखवत आले, पुढाऱ्यांनी निवेदने घेतली, वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली. रुग्ण मात्र डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला, खामगावला, अकोल्याला जात राहिला. डायलिसिस योजनेत बसते. येण्याजाण्याचे भाडे, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायची इंजेक्शने बसत नाहीत. आणि सर्वांत आधी लागणारी गोष्ट, म्हणजे गावातल्या प्रत्येक प्रौढाची वर्षातून एकदा लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन तपासणे, ती स्वस्त आहे आणि तिच्यासाठी गावपातळीवर कायमचा निधी नाही. केस गळाले तर ते डोळ्यांना दिसते. किडनी जाते तेव्हा फोटो निघत नाही. सरकारी पैसा फोटोमागे गेला.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने लिहून दिले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के होईल, त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक आरोग्यावर जाईल, आणि राज्ये २०२० पर्यंतच आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला देतील. २०२१-२२ चा हिशेब १.८४ टक्क्यांवर थांबला. ८ टक्क्यांच्या जवळपासही महाराष्ट्र पोचलेला नाही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांच्या खिशातून जातो. ही गोळ्यांची, तपासण्यांची, मेडिकलच्या उधारीची रक्कम आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला म्हणून ७०,०५१ कोटी रुपये वेगळे काढले. उपकेंद्रांच्या इमारती, प्राथमिक केंद्रांतल्या तपासणीच्या सोयी, तालुका पातळीवरचे सार्वजनिक आरोग्य कक्ष यांसाठी. याखेरीज ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटींचे अनुदान. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचे. पगारावर मात्र नाही. ‘बंधनमुक्त’ निधी म्हणतात तो हाच. हा निधी कुठे जातो ते कोणत्याही गावात फिरून पाहा. पेव्हर ब्लॉक, सभामंडप, कमान, हायमास्ट. बीपी मोजायचे चांगले यंत्र काही हजारांत येते. एका कमानीच्या खर्चात तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला ते देता येईल, वर पट्ट्याही येतील शुगर तपासायच्या.

आणि गावाच्या आरोग्यासाठी म्हणून जी समिती आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तिच्या हातात काय? राष्ट्रीय निकष गावामागे वर्षाला १०,००० रुपयांचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीच्या काळात ठरलेला. त्या वेळी पेट्रोल पन्नासच्या आत होते. इतक्या वर्षांत आमदार निधी वाढला, लग्नाचा मंडप महागला, खताचे पोते महागले. गावाच्या आरोग्याची रक्कम तीच. या पैशात ब्लिचिंग पावडर आणि सतरंजी येते.

जिल्हा परिषदेत यावर भांडायचे तर तिथे कोण? मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि बुलढाणा जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर आरोग्य समितीच्या बैठकीत उठून ‘आमच्या केंद्रात शुगरच्या गोळ्या का नाहीत’ विचारणारा निवडून आलेला सदस्यच उरला नाही. शिवाय निवडून आलेली सभागृहे नाहीत म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचे वित्त आयोगाचे पैसेही अडले. निवडणुका लांबवण्याचा निर्णय मुंबईत होतो. त्याची किंमत उपकेंद्राच्या कपाटात दिसते.

गावपातळीवरच्या कामाने खरेच काही होते का, असे विचारणारे असतात. होते. महाराष्ट्रातच होऊन गेले आहे.

तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ मध्ये तिथे बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने एक मोठे काम सुरू झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, ५२ गावगट. काही गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे, आणि काहींत नेहमीचीच सोय. आठ वर्षे पाठपुरावा. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. नेहमीच्या सोयीच्या गटात ६४ बायका दगावल्या, चाचणीच्या गटात ३४. शेतमजुरी करणाऱ्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या मराठवाड्यातल्या बायका. त्यांना घराघरांतून बोलावून आणणाऱ्या कार्यकर्त्या होत्या म्हणून हे झाले.

त्या कामाला पैसा होता गेट्स फाउंडेशनचा. इथे माझा राग आहे. आपल्या बायका, आपली गावे, आपल्या डॉक्टरांचे कष्ट, आणि पैसा परदेशी धर्मादायाचा. प्रकल्प संपला, जगाने निष्कर्ष उचलला, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत एचपीव्ही चाचणी पहिल्या पसंतीची झाली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा मुख्य भर मात्र व्हिनेगरच्या पद्धतीवरच राहिला. ज्या जिल्ह्याने जगाला शिकवले, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बाईला ती चाचणी सरकारी केंद्रात सहज मिळत नाही. तीन-पाच वर्षांच्या प्रकल्पांची ही खोड आहे. निधी संपला की कार्यकर्तीचे मानधन थांबते, वही बंद होते आणि गाव पुन्हा होते तिथे येते. जुनाट आजारावर तात्पुरता पैसा हा विरोधाभास ज्यांच्या लक्षात यायला हवा ते मंजुरीच्या टेबलावर बसले आहेत.

सरकारी केंद्रांतून, सरकारी माणसांकडून झालेले उदाहरण हवे असेल तर तेही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. फार मोठी युक्ती नव्हती. सगळ्या केंद्रांत एकच ठरलेली औषधयोजना. दोन-तीन स्वस्त गोळ्या, पण कधीही न संपणाऱ्या. महिन्याची गोळी घराजवळच्या उपकेंद्रात, नर्सच्या हातून. आणि प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, ज्यावरून कोण आला नाही ते कळते आणि त्याला फोन जातो. नोंद झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा बीपी काबूत आला. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वर्धा आणि भंडाऱ्यातला शेतकरी आपल्यासारखाच आहे. तिथे जमले ते मेहकरात जमते.

फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियाची गोष्टही थोडक्यात सांगतो, कारण ती लोकांच्या अर्जापासून सुरू होते. चाळीस-पन्नाशीतले शेतकरी आणि लाकूडतोडे हृदयविकाराने पटापट जात होते. १९७१ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला: आमची माणसे मरत आहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये सरकारी पैशांतून काम उभे राहिले. डॉ. पेक्का पुस्का यांच्या हाताखालच्या लोकांनी गावातल्या बायकांच्या संघटना, दूधसंघ, किराणा दुकानदार, शाळा यांना कामाला लावले. लोणी, मीठ, सिगारेट कमी झाले. पुढच्या चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे बायकांचे बचत गट आहेत, दूध डेअरी आहे, भजनी मंडळे आहेत, शाळा आहेत. गुटखाबंदी २०१२ पासून कागदावर आहे आणि पुडी शाळेच्या भिंतीला लागून मिळते. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ने २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांच्या पैशांतून गावागावात दारू-तंबाखूविरोधी संघटना बांधल्या. तो पैसा सरकार गडचिरोलीला देऊ शकते, तर बुलढाण्याला का नाही?

बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव मेहकरचे. १९९५ ते २००९ मेहकरचे आमदार, २००९ पासून खासदार. जून २०२४ पासून केंद्रात आयुष खात्याचा स्वतंत्र कार्यभार आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्रिपद त्यांच्याकडे आहे. देशाच्या आरोग्यखात्याचा मंत्री आपल्या मतदारसंघातला असणे ही संधी जिल्ह्याला पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. त्यांच्याकडे नव्या रुग्णालयाची, नव्या खाटांची मागणी खूप जण करतील. डोणगावकरांनी वेगळे मागावे. एक तालुका घ्या, मेहकरच घ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची नोंद, महिन्याची गोळी उपकेंद्रात, आशाताईला पाठपुराव्याचे पोट भरेल असे मानधन, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला कायम नोकरी, आणि हा पैसा पाच वर्षांच्या प्रकल्पाचा नव्हे, दरवर्षीच्या अर्थसंकल्पातला. घाटाखालच्या तालुक्यांत त्याला किडनीच्या तपासणीची जोड.

आणि हिशेब योग्य गोष्टीचा ठेवा. आत्ता महिन्याचे अहवाल जातात ते ‘किती जणांची तपासणी झाली’ याचे. केंद्राने मे २०२३ मध्ये जाहीर केलेले उद्दिष्टही २०२५ पर्यंत साडेसात कोटी लोक उपचाराखाली आणण्याचे होते. उपचाराखाली आणला, नाव लिहिले, अहवाल गेला. त्या माणसाचा बीपी उतरला का? निधी त्या उत्तरावर द्या. ज्या उपकेंद्राच्या हद्दीत जास्त लोकांचा बीपी आणि शुगर काबूत, त्या गावाच्या समितीला जास्त पैसे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे की गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा साध्या उपायांवर घातलेल्या एका रुपयामागे २०३० पर्यंत किमान सात परत येतात. सोयाबीन एवढे देत नाही.

मंत्र्यांची वाट पाहायचीही गरज नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य, प्राथमिक केंद्रे आणि दवाखाने हे विषय पंचायतींच्या यादीत घातले आहेत. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ विषयांत ‘आरोग्यदायी गाव’ हा एक विषय आहे. आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होते. त्या ग्रामसभेला जा. बायकांनी जास्त संख्येने जा, कारण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात आणि कर्करोगाच्या तपासणीला नेण्या-आणण्याची गाडी त्यातून मागता येते. ठराव लेखी मांडा: बंधनमुक्त निधीतून प्रत्येक उपकेंद्राला बीपीचे यंत्र आणि शुगरच्या पट्ट्या, गोळ्यांचा साठा संपला तर तारीख घालून ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक, गावात बीपीचे आणि शुगरचे रुग्ण किती, त्यातल्या किती जणांचे काबूत, हे आकडे दर तीन महिन्यांनी, कोणाचे नाव न लिहिता, फलकावर. इतिवृत्तात ठराव लिहिला गेल्याशिवाय उठू नका. त्याची एक प्रत मेहकर पंचायत समितीला द्या, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, एक खासदारांना. आणि तिन्ही ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्या.